गल्ला उशिरा बोलतो

‘धंदा बसला’ असे आपण सहज म्हणून जातो. पण कोणताही धंदा एका दिवसात बसत नाही. गिऱ्हाईक आधी मनातून दूर जाते, मग सवयीने अधूनमधून येत राहते आणि शेवटी कधीतरी यायचेच थांबते. गल्ल्यातला आकडा खाली येतो, तो या शेवटच्या पायरीवर. तोवर वर्ष-दोन वर्षे उलटून गेलेली असतात आणि वडिलांनी उभे केलेले दुकान मुलाच्या हाती देताना ‘हल्ली लोकच बदलले’ एवढेच सांगण्यासारखे उरते.

लोक बदलतात, हे खरेच आहे. प्रश्न असा की, ते बदलत असताना व्यावसायिकाला कळावे कसे? याची काही उत्तरे गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत आपल्या सर्वांच्या घरांतूनच घडून गेली आहेत.

वेळ दाखवणारी वस्तू की मिरवणारी?

मनगटी घड्याळाचेच पाहा. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीने 1961 साली बंगळुरूला घड्याळे बनवायला सुरुवात केली. मुलगा मॅट्रिक झाला, नोकरीला लागला किंवा बोहल्यावर चढला की मनगटावर एचएमटी येई. एकदा घेतलेले घड्याळ रोज चावी देऊन जन्मभर वापरायचे, ही रीत. दुसरे घड्याळ घेणे म्हणजे उधळपट्टी.

टाटा समूह आणि तामिळनाडू सरकारचे औद्योगिक महामंडळ यांनी मिळून 1984 साली टायटन कंपनी स्थापन केली. होसूरच्या कारखान्यातून आलेली तिची क्वार्ट्झ घड्याळे नाजूक आणि देखणी होती. पण खरा फरक यंत्रात नव्हता. क्वार्ट्झचे तंत्र एचएमटीलाही ठाऊक होते. टायटनने हेरले ते वेगळेच. मध्यमवर्गाच्या हाती थोडा पैसा खेळू लागला होता आणि घड्याळ आता वेळेपुरते न राहता पोशाखाचा भाग आणि भेट देण्याची वस्तू होऊ पाहत होते. म्हणून त्यांनी घड्याळे झगमगत्या शोरूममध्ये दागिन्यांसारखी मांडली आणि जाहिरातीत ती एकमेकांना भेट देणारी माणसे दाखवली. ‘एक घर, एक घड्याळ’ हा हिशेब मोडला. एचएमटीचा घड्याळ विभाग तोट्यात रुतत गेला आणि 2016 च्या जानेवारीत तो बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली.

गंमत पुढेच आहे. ज्या टायटनने घड्याळाच्या बाबतीत लोकांचे मन अचूक ओळखले, तिलाच सोन्याच्या बाबतीत ते सुरुवातीला ओळखता आले नाही. नव्वदच्या दशकात ‘तनिष्क’चे दागिने बाजारात आले, ते 18 कॅरटचे आणि आधुनिक घडणीचे. पण आपल्याकडे सोने नुसते मिरवायला घेत नाहीत. अडीअडचणीला ते मोडता येते, गहाण ठेवता येते, मुलीच्या लग्नात उपयोगी पडते. गृहिणीच्या लेखी दागिना ही तिची स्वतःची ठेव असते. तिला 22 कॅरटच हवे होते. कंपनीला तोटा सोसावा लागला आणि मग ती 22 कॅरटकडे वळली. सोन्याची शुद्धता ग्राहकाच्या डोळ्यांदेखत मोजणारे ‘कॅरटमीटर’ हे यंत्र तिने दुकानात ठेवले. घडण नवी असली तरी चालेल, पण सोने पारखून मिळाले पाहिजे, ही बायकांची मनातली गोष्ट त्या यंत्राने हेरली. आज या कंपनीच्या उलाढालीत सर्वांत मोठा वाटा दागिन्यांचा आहे.

एकदा अंदाज बरोबर आला म्हणून दर वेळी येईलच असे नाही, हा पहिला धडा. दुसरा त्याहून महत्त्वाचा. काय बदलले हे शोधताना काय बदललेले नाही, हेही तपासले पाहिजे.

स्कूटर तीच, चालवणारे वेगळे

पुण्याच्या बजाज कंपनीची चेतक स्कूटर 1972 साली आली. एके काळी तिच्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे. वडील चालवायला, पुढे उभा मुलगा, मागे आई आणि तिच्या मांडीवर धाकटी, हे चित्र देशभर दिसे. पुढे तरुणांना मोटरसायकलचे वेड लागले. 1985 साली आलेल्या हीरो होंडाने कमी पेट्रोलचे गणितही पटवून दिले. बजाजनेही हा बदल ओळखला आणि 2001 साली आणलेली ‘पल्सर’ तरुणांनी डोक्यावर घेतली. अखेर 2009 साली कंपनीने स्कूटर बंद करण्याचा निर्णय जाहीर केला.

पण स्कूटर संपली होती का? मुळीच नाही. कॉलेजला जाणाऱ्या मुली, नोकरी करणाऱ्या बायका आणि मुलांना शाळेत सोडणाऱ्या आया गिअर नसलेल्या, बटण दाबताच सुरू होणाऱ्या स्कूटरवर बसल्या होत्या. आता घरातली मुलगी स्कूटर चालवत होती आणि वडील मागे बसत होते. तशी हलकी वाहने बजाजनेही करून पाहिली होती, पण तो बाजार मुख्यतः दुसऱ्यांच्याच हाती गेला. बजाजची चेतक पुन्हा रस्त्यावर आली ती 2020 साली, विजेवर चालणारी होऊन. वस्तूची मागणी कमी झाली की वस्तूच कालबाह्य झाली, असे समजण्याची घाई करू नये. ती वापरणारे माणूस बदलले आहे का, हे आधी पाहावे.

लाट आणि वळण

प्रत्येक नव्या गोष्टीमागे धावणेही घातकच. 1994 साली ‘हम आपके हैं कौन’ प्रदर्शित झाला आणि त्यातल्या माधुरीच्या जांभळ्या साडीने कापड दुकानदारांची चंगळ केली. ही लाट होती. लाटेवर माल खपतो, पण लाट ओसरल्यावर गठ्ठे पडून राहतात.

त्याच सुमारास महाराष्ट्रातल्या शहरांत आणखी एक बदल होत होता. लग्न झालेल्या बायकाही रोजच्या वापरात साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालू लागल्या होत्या. सुरुवातीला घरातल्या मोठ्यांनी नाके मुरडली. पण लोकलची गर्दी, बसचा दांडा आणि ऑफिसची घाई यांच्यापुढे ती नाराजी टिकली नाही. हे वळण होते.

दोन्हींतला फरक ओळखण्याची साधी कसोटी आहे. बदलामागे घरातली दिनचर्या, कमाई किंवा माणसांची संख्या बदलली असेल, तर ते वळण समजावे. केवळ सिनेमा, मालिका किंवा शेजारणीची हौस असेल, तर लाट. लाटेसाठी एक फळी राखावी, वळणासाठी दुकानाची मांडणी बदलावी.

पुण्याच्या चितळे बंधूंचे उदाहरण बोलके आहे. दुपारी एक ते चार दुकान बंद, यावर कितीतरी विनोद झाले. पण नवरा-बायको दोघेही दिवसभर बाहेर असणाऱ्या शहरात दुपारची वेळ सोडून चालेना. 2017 साली त्यांनी दुपारीही दुकान उघडे ठेवायला सुरुवात केली. वेळ बदलली, बाकरवडी मात्र तीच राहिली.

आपल्या दुकानासाठी

मोठ्या कंपन्या बाजारपेठेच्या पाहणीवर पैसा खर्च करतात. छोट्या दुकानदाराला, घरगुती उद्योग चालवणाऱ्या गृहिणीला ते कसे परवडावे? त्यांच्यासाठी काही बिनखर्चाचे उपाय:

• ‘नाही’ची वही ठेवा. गिऱ्हाइकाने मागितलेली पण आपल्याकडे नसलेली प्रत्येक वस्तू तारखेसह लिहा. महिनाअखेर वही चाळा. जे पुन्हा पुन्हा दिसेल, ती उद्याची मागणी. विकलेल्या मालाची नोंद सगळेच ठेवतात, हुकलेल्या विक्रीची कोणी ठेवत नाही.

• कोण येते ते पाहा. वाणसामानाची यादी पूर्वी आजी सांगे, आता नातू फोनवर पाठवतो. विकत घेणारा आणि वापरणारा यांपैकी निर्णय कोणाचा, हे ओळखा.

• वस्तू घरात कशी वापरली जाते ते विचारा. केलॉग्जने 1994 साली भारतात कॉर्नफ्लेक्स आणले आणि त्यांच्या कुरकुरीतपणाची जाहिरात केली. आपल्या घरांत दूध ओततात ते गरम. कुरकुरीतपणा वाटीतच विरघळला!

• थोड्यावर करून पाहा. दिवाळीच्या फराळात कमी साखरेचे लाडू ठेवायचे असतील, तर पहिल्या वर्षी मोजक्याच घरी द्या. डबा रिकामा होऊन पुन्हा मागणी आली, तरच पुढच्या वर्षी घाणा मोठा करा.

• विश्वासाला हात लावू नका. वजन, चव आणि शब्द यांत फरक पडला, तर बाकीचे सगळे बदल वाया जातात.

वेळीच बदलण्याला मोठे शिक्षण लागते, असेही नाही. यूपीआय 2016 साली सुरू झाले आणि काही वर्षांतच कोपऱ्यावरच्या भाजीवालीने टोपलीशेजारी क्यूआर कोडचा पुठ्ठा उभा केला. सुट्ट्या पैशांवरून गिऱ्हाईक परत जाते, हे तिने स्वतः पाहिले होते. ती रोज गिऱ्हाइकासमोर बसते, म्हणून तिला ते लवकर कळले. काउंटरमागे मान खाली घालून नोटा मोजणाऱ्याने दिवसातून थोडा वेळ तरी मान वर करून पाहावे. रिकाम्या हाताने परत गेलेले गिऱ्हाईक गल्ल्यात दिसत नाही.