टाइम प्लीज

साप्ताहिक सदर : जाबजबाब

लहानपणी गुलमंडीच्या बोळांत आमची पकडापकडी चाले, तेव्हा धापा टाकणाऱ्या एखाद्या गड्याने मूठ तोंडाशी नेऊन ‘टाइम प्लीज’ म्हटले, की ज्याच्यावर राज्य असे त्याचा पुढे आलेला हात तेथल्या तेथे थांबे. चप्पल तुटली, पोटात दुखू लागले की नुसतीच हार टाळायची होती, याची चौकशी त्या क्षणी कोणी करीत नसे.

या विसरलेल्या शब्दाची आठवण परवा झाली ती अदालत रोडवरील माझ्या कचेरीत. एक तरुणी सल्ल्यासाठी आली होती, आणि दार लोटून घेतल्यावरही तिचा आवाज काही चढेना. बंधन, आज्ञापालन, क्वचित वेदनाही, यांत परस्परसंमतीने सुख मानणाऱ्या, ‘किंक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मंडळींच्या पुण्यातील मेळाव्यास ती जाणार होती. आणि तिचा प्रश्न, प्रस्तावना गाळून सांगायचा तर, असा होता : काका, स्वखुशीने खाल्लेला मार हा गुन्हा होतो का?

१८६० च्या दंडसंहितेतील ८७वे कलम, जे आता भारतीय न्याय संहितेत २५वे होऊन बसले आहे, असे सांगते की अठरा वर्षांवरील व्यक्तीने संमती दिली असेल, आणि मृत्यू वा जबर दुखापत करण्याचा हेतू किंवा तशा संभवाची जाणीव करणाऱ्यास नसेल, तर त्या इजेचा अपराध होत नाही. आणि उदाहरण दिले आहे ते करमणुकीखातर तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचे, ज्यांनी लबाडीवाचून होणारी इजा सोसण्यास एकमेकांना मान्यता दिलेली असते. हे कलम म्हणजे अभयपत्र नव्हे. विलायतेत १९९३ साली ब्राउन खटल्यात लॉर्डांनी तीन विरुद्ध दोन मतांनी अशी संमती धुडकावून लावली होती. तथापि ‘लबाडीवाचून’ या शब्दावर मी तिला बराच वेळ थांबवून धरले.

कारण ती लबाडी रोखण्याचा जितका बारकाईने विचार या मंडळींनी केला आहे, तितका आपल्या कित्येक प्रतिष्ठित मंडळांनी केलेला मी पाहिलेला नाही. नवख्याची पहिली भेट, जिला ते ‘मंच’ म्हणतात (व्यासपीठाशी या शब्दाचा काडीचाही संबंध नाही), ती एखाद्या कॅफेत, साध्या कपड्यांत, केवळ गप्पांपुरती व्हावी. पुढे काय चालेल आणि काय मुळीच चालणार नाही याची बोलणी, दोरी हातात घेण्यापूर्वी आणि कोणी प्यालेले नसताना व्हावीत. ‘रेड’ म्हटले की हात थांबावा, आणि तोंड बांधलेले असेल तर मुठीतली वस्तू खाली टाकणे हीच खूण मानावी. गाठ सुटेनाशी झाल्यास दोरी कापण्यासाठी बोथट टोकाची कात्री हाताशी असावी. सर्व आटोपल्यावर पाणी, पांघरूण आणि चार शब्द यांना वेळ ठेवावा. दिल्लीत सुरू झालेली ‘किंकी कलेक्टिव्ह’ ही मंडळी संमतीचा हा पाठ शिकवीत आली आहे. मोबाइल दाराशीच ठेवून घेण्याची तजवीजही हवी. स्त्रीने स्वतः काढू दिलेले खाजगी छायाचित्र तिच्या परवानगीवाचून इतरांस पाठवणे हा संहितेच्या ७७व्या कलमाखाली गुन्हाच आहे.

माझी धास्ती मात्र कात्रीविषयी नाही; ती ‘ज्येष्ठां’विषयी आहे. मुरलेला, सर्वांचा स्नेही, नवख्यांना शिकवण्याची हौस असलेला असा कोणीएक प्रत्येक वर्तुळात असतो, आणि त्याने तो थांबवण्याचा शब्द कानाआड केला तर फिर्याद न्यायची कोठे? ठाण्यात विचारतील, ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ घरी तर तोंड उघडण्याची सोय नाही. आणि मेळाव्यातली माणसे, आपलेही नाव फुटेल या भयाने, तिलाच मुलाहिजा राखायला सांगतील. म्हणजे जी गुप्तता तिची ढाल, तीच त्याचे कवच. म्हणून तक्रार ऐकणारी व्यक्ती आधीच नेमलेली, आरोपिताच्या मैत्रीतली नसलेली, आणि वेळ पडल्यास यजमानालाही बाहेर काढण्याचा अखत्यार असलेली हवी. ‘पुरावा आण’ ही मखलाशी येथे नको. मेळाव्याचे आमंत्रण हा कोणाचा मूलभूत हक्क नव्हे, तेव्हा ते रोखण्यास फौजदारी खटल्याची कसोटी लावण्याचे कारण नाही.

दबक्या आवाजातील प्रश्नांना जबाबदार उत्तर देणारा कोणी असावा लागतो, हे र. धों. कर्वे जाणत होते. ‘समाजस्वास्थ्य’ या आपल्या मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, डॉ. आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले, आणि ते खटला हरले. त्याच बाबासाहेबांनी १९५० साली आमच्या शहरात महाविद्यालय काढले. नागसेनवनाच्या रस्त्याने जाताना मिलिंद महाविद्यालयाबरोबर तो हरलेला खटलाही मला आठवतो.

निघताना तिने विचारले, ‘तक्रार कोण ऐकणार, हे मी जायच्या आधी विचारू?’ मी म्हटले, ‘विचार, आणि उत्तर देताना ते चिडले तर जाऊ नकोस.’ तिने ते मोबाइलमध्ये टिपून घेतले, दार उघडले, आणि बाहेर बसलेल्या कारकुनास ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, ‘बरं काका, सात-बाराचं मग पुढच्या आठवड्यात बघू.’

— साक्षेपी