रविवारचे ताट आणि रोझेटोचे कोडे

लाल-पांढऱ्या चौकटींचे टेबलक्लॉथ, भिंतीवर मालकाच्या आजी-आजोबांचे जुने फोटो, मध्ये पावाची टोपली आणि टोमॅटोच्या लाल रश्श्यात बुडालेल्या स्पॅगेटीवर रचलेले खिम्याचे गोळे. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, फिलाडेल्फिया या भागांत अशी जुन्या वळणाची इटालियन रेस्टॉरंट अजून टिकून आहेत. रविवारी तिथे एकेका टेबलाभोवती तीन पिढ्या बसतात. त्यांतले आजोबा मधुमेही आहेत, रक्तदाबही आहे, असे समजू. मोठी थाळी आली की मुलगी ती त्यांच्या हातापासून दूर सरकवते. त्यांच्यासाठी वेगळे काही मागवलेले असते: उकडलेले चिकन आणि चार पाने सॅलड. डॉक्टरांनी सांगितलेले असते ना!

पुढच्या रविवारी आजोबा म्हणतात, ‘तुम्ही जा, मी घरीच बरा.’ त्यांच्या फाइलमध्ये याची नोंद कोणी करत नाही. करायला हवी.

आधी त्या थाळीबद्दल. ‘मेडिटरेनियन आहार हृदयाला चांगला’ हे ऐकून अनेकांना वाटते, इटालियन जेवण म्हणजे तोच आहार. ते खरे नाही. 1880 ते 1924 या काळात सुमारे 40 लाख इटालियन अमेरिकेत आले. त्यांतले बहुसंख्य दक्षिण इटलीतले गरीब शेतकरी आणि मजूर होते. गावाकडे त्यांचे रोजचे जेवण म्हणजे पाव किंवा पास्ता, घेवड्याचे दाणे, पालेभाज्या आणि थोडे ऑलिव्ह तेल. मांस सणासुदीला. संशोधकांनी पुढे ज्या आहाराचे गुण गायले तो हा गरिबाघरचा आहार. अमेरिकेत मांस आणि चीज परवडू लागले आणि सणाचे ताट रोजचे झाले. इटलीत पास्ता हा जेवणातला पहिला, छोटा पदार्थ. एका माणसाला साधारण 80 ते 100 ग्रॅम कोरडा पास्ता. इथे तोच मुख्य जेवण झाला आणि त्यावर मांस येऊन बसले. आपल्याकडे रोज पुरणपोळी वाढली तर जे होईल, तेच.

मुलांकडे न्यू जर्सीला गेलेल्या मराठी शाकाहारी आई-वडिलांना अशा ठिकाणी बहुतेक वेळा ‘एगप्लँट पार्मिजान’ मागवून दिले जाते. वांगे आहे खरे, पण पावाच्या चुऱ्यात घोळवून तेलात तळलेले आणि वर चीजचा थर. त्याला भाजी म्हणणे हे बटाटेवड्याला भाजी म्हणण्यासारखे आहे.

एवढे झाल्यावर मुलीचेच बरोबर, असे वाटेल. पण पेनसिल्व्हेनियातल्या रोझेटो या छोट्या गावाने डॉक्टरांना एकदा चांगलेच कोड्यात टाकले होते. दक्षिण इटलीतल्या रोझेटो वाल्फोर्तोरे गावातून स्लेट दगडाच्या खाणींत कामाला आलेल्या लोकांनी ते वसवले. गावातल्या लोकांत हृदयविकार फार कमी दिसतो, असे 1950च्या दशकाच्या अखेरीस डॉ. स्ट्यूअर्ट वुल्फ यांच्या कानावर आले. नोंदी तपासल्या तर शेजारच्या बँगोर गावाच्या मानाने हृदयविकाराच्या झटक्याने होणारे मृत्यू खरोखरच खूप कमी होते. 1964 मध्ये हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गंमत अशी, की हे लोक ऑलिव्ह तेलाऐवजी डुकराच्या चरबीत तळत, सॉसेज खात, वाइन पीत आणि सिगारेट ओढत. संशोधकांचे लक्ष गेले ते घरांकडे: एका छपराखाली तीन पिढ्या, एकत्र जेवणे, अडीनडीला धावणारे शेजारी.

1960च्या दशकात ही वीण उसवू लागली आणि हृदयविकाराचे मृत्यू वाढत जाऊन बँगोरच्या बरोबरीला आले. 1935 ते 1985 या पन्नास वर्षांची तुलना 1992 मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात हे दिसते.

यावरून ‘एकत्र बसा आणि चरबी खा’ असा अर्थ काढणे धोक्याचे. गाव लहान, मृत्यूंची संख्या थोडी. एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही. चरबी आणि सिगारेटचे नुकसान तर अन्य असंख्य अभ्यासांनी दाखवले आहे. पण माणसांच्या सोबतीचा मुद्दा रोझेटोवरच उभा नाही. 2010 मध्ये 148 अभ्यासांचे एकत्र विश्लेषण झाले. भक्कम नातेसंबंध असणाऱ्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे 50 टक्क्यांनी जास्त आढळली. म्हणून आजोबांना टेबलावरून उठवणारा पथ्याचा कागद अर्धवटच म्हणावा लागेल, मग त्यावर सही कोणाचीही असो.

बदल टेबलावर करता येतो, आणि तो सगळ्यांसाठी. पावाची टोपली आधी न आणता नंतर आणायला सांगावी. 2015 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी 11 मधुमेहींना तेच जेवण दोन क्रमांनी दिले. चिकन आणि भाज्या आधी, चियाबाटा पाव आणि संत्र्याचा रस नंतर असा क्रम ठेवला तेव्हा एका तासानंतरची रक्तशर्करा एकतृतीयांशाहून अधिक कमी भरली. प्रयोग छोटा आहे, पण करून पाहायला खर्च नाही. पास्ता थोडा कणीदार शिजलेला मागावा; फार मऊ केला तर त्यातला स्टार्च लवकर पचतो आणि साखर भराभर चढते. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मात्र पाव-पास्त्याचे प्रमाण बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. वरून भुरभुरायच्या चीजमध्ये मीठ बरेच असते. रक्तदाब असणाऱ्यांनी तो वाडगा पुढे सरकवावा. वाइन ‘हृदयासाठी’ म्हणून तर कोणीच सुरू करू नये.

अशा रेस्टॉरंटच्या मेनूत ‘पास्ता ए फाजोली’ हे सूप बहुधा असते. घेवड्याचे दाणे, टोमॅटो, थोडा पास्ता. धान्याला कडधान्याची जोड, म्हणजे आपल्या वरण-भाताचाच हिशेब. स्थलांतरितांच्या आज्या गावाकडे जे रोज रांधत, त्याच्या सगळ्यात जवळचा हा पदार्थ. मीठ बेताचे घालायला सांगून तो सगळ्यांसाठी मागवावा. मग मधल्या थाळीतला एक गोळा आणि दोन काटे स्पॅगेटी आजोबांच्या ताटात पडली, तर मुलीने पाहिले न पाहिल्यासारखे करावे. उरलेली थाळी डब्यात भरून घरी नेता येतेच.