पृष्ठभागाची विद्या आणि प्लास्टिकचे वेष्टन

म्हैसूरच्या विजयनगर वस्तीत काय किंवा पुण्या-मुंबईत काय, सकाळी दुधाची पिशवी घरोघर येते. ओल्या हातांनी कितीही हाताळली, तरी तिच्यावरील रंगीत अक्षरे सहसा पुसली जात नाहीत. ही गोष्ट दिसते तितकी साधी नव्हे. पिशवीचे पॉलिथिन हे एक बहुवारिक असून त्याचा स्वभाव मेणासारखा आहे. त्यावर पाणी पसरत नाही आणि शाईही धरत नाही. म्हणून छपाईपूर्वी हा पातळ पापुद्रा उच्च विद्युत्‌दाबाच्या विसर्जनाखालून नेतात. तेथे हवेचा प्लाझ्मा, म्हणजेच आयनद्रायू, निर्माण होतो आणि पापुद्र्याचा पृष्ठभाग बदलून टाकतो.

विद्युत्‌दाबाखाली वायूच्या काही रेणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होतात. या अवस्थेस ‘प्लाझ्मा’ हे नाव अर्विंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये दिले. सूर्यातील प्लाझ्मा अतितप्त असतो. परंतु कारखान्यातील शीत प्लाझ्मात फक्त हलके इलेक्ट्रॉन तापलेले असतात, वायू मात्र जवळजवळ थंडच राहतो. त्यामुळे प्लास्टिक वितळत नाही. पृष्ठभागावरील काही रासायनिक बंध तेवढे तुटतात आणि तेथे हवेतील ऑक्सिजन जोडला जातो. पॉलिथिनची पृष्ठ-ऊर्जा मीटरला सुमारे ३१ मिलिन्यूटन असते, ती ३८ च्या वर जाते व शाई चिकटते. हा बदल मुख्यतः काही नॅनोमीटर खोलीपर्यंतच होतो. पिशवीची जाडी ५० मायक्रॉन धरली, तर १० नॅनोमीटरचा थर हा तिचा पाचहजारावा भाग होय.

इतक्या सूक्ष्म बदलाने वस्तूचा गुण पालटत असेल, तर ही विद्या केवळ छपाईपुरती ठेवणे योग्य नव्हे. चिवडा, कॉफी, मसाले यांच्या पुड्यांत पॉलिएस्टर, अ‍ॅल्युमिनियम व पॉलिथिन यांचे थर एकमेकांस चिकटविलेले असतात. पदार्थ टिकतो; पण थर सहजी सुटे होत नाहीत, आणि रिकामी पुडी पुन्हा उपयोगी न पडता उकिरड्यावर जाते. पुनर्वापर न होणारे असे बहुस्तरी प्लास्टिक दोन वर्षांत बंद करावे, असे भारत सरकारच्या २०१६ च्या नियमांत होते. २०१८ च्या दुरुस्तीने ही अट सैल झाली. पुनर्चक्रीकरण, ऊर्जानिर्मिती किंवा अन्य उपयोग, यांपैकी काहीही शक्य नसलेल्या प्लास्टिकपुरतीच ती उरली. पर्याय सिद्ध नसता कायदा दुबळा पडतो, हेच यातून दिसते.

पर्याय सिद्ध करण्याचे काम विज्ञानाचे आहे. प्लाझ्माच्या साह्याने एकाच जातीच्या प्लास्टिकवर काचेसारख्या सिलिकाचा काही दशक नॅनोमीटर जाडीचा लेप देता येतो. हा लेप ऑक्सिजनला अडवितो, पण इतका विरळ असतो की प्लास्टिक मूलतः एकजिनसीच राहते. दुसरा मार्ग प्लास्टिकमध्ये नॅनोकण मिसळण्याचा. हे कण गुठळ्या करून बसतात. प्लाझ्माने त्यांचा पृष्ठभाग बदलल्यास ते अधिक समप्रमाणात पसरू शकतात.

यावर आक्षेप आहेत, आणि ते खरेही आहेत. लेप देण्यास बहुधा निर्वात यंत्रे लागतात; ती महाग असतात. वेष्टन दुमडले की लेपास तडे जाऊ शकतात. केवळ पृष्ठभाग बदलला असेल, तर तो गुण काळाने ओसरतो. अन्नात काही उतरते का, हेही तपासलेच पाहिजे. परंतु हे आक्षेप म्हणजे थांबण्याचे कारण नव्हे. ते संशोधनाचे विषय होत.

त्यासाठी देशात साधने नाहीत असे नाही. म्हैसूरची केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० पासून अन्न टिकविण्याचा अभ्यास करीत आहे. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने उद्योगांसाठी स्वतंत्र केंद्र उभारले आहे. मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था बहुवारिकांच्या शिक्षणासाठी प्रसिद्ध आहे. अन्न किती दिवस टिकावे हे एकीने सांगावे, लेप दुसरीने द्यावा, आणि पुडी पुन्हा वितळवून वापरता येते की नाही हे तिसरीने तपासावे. या तिन्ही कसोट्यांस उतरेल तेच वेष्टन चांगले म्हणावे. कारण पुडीतील जिन्नस महिन्याभरात संपतो. पुडी मात्र पुढच्या पिढ्यांच्या वाट्यास येते.