लेबलावरचा चित्रकार

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा मनीष मार्केटमधून १९९० च्या दशकात ज्या घरांत टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला, त्यांपैकी अनेकांच्या माळ्यावर आजही तळहाताएवढी एखादी पिवळी कॅसेट सापडते. लेबलावर पिळदार दंडांचे दोन सैनिक बंदुका रोखून उभे असतात आणि वर ठळक अक्षरांत ‘९९९९ इन १’ असा आकडा झळकत असतो. कॅसेट कोणत्या कारखान्यात तयार झाली, आतला खेळ कोणी रचला आणि वरचे चित्र कोणी काढले, यांपैकी कशाचाही उल्लेख त्या लेबलावर नसतो.

ज्या यंत्रासाठी ही कॅसेट बनली, त्याचे मूळ जपानमध्ये आहे. निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ बाजारात आणला. त्याच्या परवान्याविना केलेल्या प्रतिकृती तैवानमध्ये आणि पुढे चीनमध्ये तयार होऊ लागल्या. त्या भारतात आल्या, पोलंडमध्ये ‘पेगासस’ या नावाने विकल्या गेल्या आणि १९९२ च्या अखेरीस रशियात ‘डेंडी’ म्हणून अवतरल्या. कॅसेटीही त्याच वाटेने आल्या. खेळ सुरू होताना पडद्यावर दिसणारे मूळ कंपनीचे नाव त्यांतून बहुधा पुसलेले असे. नाम्को कंपनीच्या १९८५ मधील ‘बॅटल सिटी’ या खेळात फेरफार होऊन तो ‘टँक १९९०’ झाला, आणि भारतातील मुलांना तो त्याच नावाने ठाऊक झाला. ‘९९९९’ हा आकडाही तसाच पोकळ होता. आत मोजके खेळ असत. तेच खेळ निरनिराळ्या टप्प्यांपासून सुरू करून यादी लांबवलेली असे.

दुकानाच्या काचेमागची कॅसेट गिऱ्हाईक उघडून पाहू शकत नसे. जी काही भुरळ घालायची ती लेबलानेच घालायची. त्यामुळे छापणारा जे चित्र हाती लागेल ते उचलत असे: चित्रपटाची जाहिरात, जपानी चित्रकथेचे पान, भलत्याच खेळाच्या खोक्याचे आवरण. आत मोटारींची शर्यत आणि वर तलवारधारी योद्धा, असाही प्रकार चाले.

आता जगभरातील काही संग्राहक या लेबलांचा माग काढतात. काम चिकाटीचे आहे. प्रथम लेबल सपाट ठेवून त्याची स्वच्छ प्रतिमा घेतात. मग ती आरशातल्यासारखी उलटी करून पाहतात, कारण ओळख लपावी किंवा मांडणी जुळावी म्हणून चित्र उलटे छापण्याची युक्ती जुनी आहे. चित्रावरून चित्र शोधणारी संगणकीय साधने २००८ नंतर सर्वांच्या हाती आली आणि शोध सोपा झाला. तरी अखेरचा निर्णय डोळ्यांनीच करावा लागतो. बाहीची चुणी, बोटांची पकड, उजेडाची दिशा अशा सहज जुळून न येणाऱ्या खुणा ताडून पाहतात. एक साधा नियम फार उपयोगी पडतो: कापलेल्या चित्रात मूळ चित्राहून अधिक काही दिसू शकत नाही. दोन प्रतींपैकी जिच्या कडेला हात, आकाश किंवा सहीचा कोपरा अधिक दिसतो, ती मुळाच्या जवळची. शेवटी सालांचा मेळ घालतात.

या रीतीने त्या दोन सैनिकांचा माग घेतला, तर वाट रंजक निघते. लेबलावरचे चित्र कोनामी कंपनीच्या ‘कॉन्ट्रा’ या खेळाच्या १९८८ मधील अमेरिकी आवरणावरून उचललेले आहे. मात्र ते चित्र त्या आवरणासाठी प्रथम रंगवलेले नव्हते. मँचेस्टरच्या ओशन सॉफ्टवेअर या कंपनीने तोच खेळ घरगुती संगणकांसाठी ‘ग्रायझर’ या नावाने काढला होता, आणि त्यासाठी ते ब्रिटिश चित्रकार बॉब वेकलिन यांनी रंगवले होते. वाट येथेही संपत नाही. दोन्ही सैनिकांचे पवित्रे १९८७ च्या ‘प्रिडेटर’ चित्रपटातील आर्नोल्ड श्वार्झनेगर यांच्या छायाचित्रांवरून घेतलेले आहेत. शेजारी उभे असलेले ते दोन वीर मुळात एकच माणूस आहेत.

असे हे एकच उदाहरण नाही. कोनामीच्याच १९८७ च्या ‘मेटल गियर’ या खेळाच्या आवरणावरील सैनिक १९८४ च्या ‘टर्मिनेटर’मधील मायकेल बीन यांच्या छायाचित्रावरून रेखाटलेला आहे. नकली कॅसेटचे मूळ शोधणारा माणूस अस्सल खोक्यापर्यंत पोहोचतो आणि तेथेही त्याला उसनवारी आढळते.

मग सारेच सारखे मानायचे काय? तसे म्हणता येत नाही. वेकलिन यांनी छायाचित्रातून पवित्रा घेतला; रंग, रचना आणि दृश्य यांत स्वतःची मेहनत ओतली. ते चित्र कोणाचे, हे शोधणाऱ्याला त्यांचे नाव सापडते. पिवळ्या कॅसेटच्या छापणाऱ्याने काहीच ओतले नाही आणि स्वतःचे नावही दडवले. मात्र छायाचित्र टिपणाऱ्याचा उल्लेख अस्सल खोक्यावरही नाही, एवढी बाकी त्या खात्यावर राहतेच.

रशियातील ‘डेंडी’ची कथा या संदर्भात विचार करायला लावणारी आहे. यंत्र प्रतिकृतीच होते. पण त्याच्या खुणेचा हत्ती विक्रेत्यांनी कोठून उचलला नाही. तो इव्हान मॅक्सिमोव्ह या रशियन चलच्चित्रकाराने खास रेखाटला, आणि त्याचे नाव आजही घेतले जाते. नकली मालाच्या व्यापारातही चित्रकाराला काम देणे अशक्य नव्हते, असे यावरून दिसते.

व्यापारी घरांना या शोधाचा अर्थ समजावून सांगावा लागू नये. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत केवळ चोरी करवणे येत नाही. चोरीचा माल घेणे, मापात लबाडी करणे आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सलाच्या नावाखाली नकली खपवणे, हेही येते. उसने चित्र, ‘९९९९’ची खोटी गणती आणि पुसलेले नाव या तिन्ही गोष्टी त्या एका कॅसेटवर एकत्र नांदतात. भारताचा १९५७ चा कॉपीराइट कायदाही नकली प्रत बनवणाऱ्यापाशी थांबत नाही. ती विकणाराही त्याच्या कक्षेत येतो. शिवाय हक्क विकून टाकल्यानंतरही आपल्या कृतीवर कर्ता म्हणून दावा सांगण्याचा अधिकार त्याच कायद्याच्या ५७ व्या कलमाने चित्रकारापाशी राखून ठेवला आहे.

त्या काळी खोकी आली तशी विकणाऱ्या अनेक दुकानदारांना यातले काही ठाऊक नसेल. मुलाने ‘कॉन्ट्रा’ मागितला, दुकानदाराने दिला, व्यवहार संपला. आज त्याच घरांतील मुले तयार कपडे, फरसाण, खेळणी यांची खोकी छापून घेतात, आणि छापखान्यातला मुलगा इंटरनेटवरून उतरवलेले एखादे चित्र पुढे करून विचारतो, “शेठ, हे चालेल का?” चित्र कोणाचे, हा प्रश्न त्या क्षणी विचारायला दोन मिनिटे लागतात. तीस वर्षांनी तोच शोध घेताना लोकांना महिने घालवावे लागतात. माळ्यावरच्या कॅसेटपुरते मात्र उत्तर मिळाले आहे. ती खाली काढून नातवाला दाखवताना आजोबांना आता सांगता येईल की हे चित्र बॉब वेकलिन यांचे आहे.