जुने खोड, नवी पुडी

मांजलपुरातील एका भजनी मंडळापुढे सध्या एक प्रश्न उभा आहे. वरकरणी तो क्षुल्लक दिसतो. आमच्या मते तो तसा नाही. मंडळास पखवाज घ्यावयाचा आहे. वर्गणी जमली आहे. बडोद्याच्या जुन्या वस्तीतील एका वाड्यातून दोन पुराणे पखवाज विक्रीस निघाले असून तेच घ्यावेत, असा बहुतेक सभासदांचा आग्रह आहे. आजोबांच्या काळी देवळात घुमत असे तो भरदार ठेका त्यायोगे पुन्हा ऐकू येईल, अशी त्यांची श्रद्धा! बैठकीत आम्ही विरोध केला, तेव्हा एका कोंकणी गृहस्थांनी ‘पोरनें तें भांगर’ म्हणून आम्हांस गप्प केले, आणि एका मराठी गृहस्थांनी त्याचेच भाषांतर करून टाळ्या मिळविल्या. तेथे अपुरे राहिलेले उत्तर येथे देत आहोत.

जुन्याविषयी आम्हांस आदर नाही, असे नव्हे. आमची तक्रार निवडीच्या रीतीविषयी आहे. ते दोन्ही पखवाज बैठकीत मध्यभागी ठेवले होते. सभासदांनी खोडावरून हात फिरविला, त्याची झळाळी वाखाणली, ते किती वर्षांचे असावेत यावर वाद घातला. उजव्या तोंडाची रुंदी मोजावी, असे मात्र कोणास सुचले नाही. आत कीड लागली आहे काय, कडेला चीर गेली आहे काय, म्हणून एखाद्याने बोटाने वाजवून पाहिले असते तरी आम्ही धन्य झालो असतो. तोंड जितके रुंद तितका स्वर खाली, हा चर्मवाद्यांचा साधा नियम होय. हे पखवाज धीरगंभीर ध्रुपदाच्या साथीसाठी घडविलेले दिसतात. आमचे मंडळ गाते ते वरच्या पट्टीत. रुंद तोंडाची पुडी त्या पट्टीपर्यंत ताणू गेल्यास एक तर ती फाटते, नाही तर तिचा नाद कोरडा पडतो. ज्या गंभीर नादाच्या लोभाने वाद्य घ्यावयाचे, त्याच नादाला ते वाजविताना मुकावयाचे, असा हा व्यवहार आहे. तो नाद खरोखरच हवा असेल तर आधी गळा खाली आणावा लागेल. पण हे सांगितले की गाणारी मंडळी रागावतात.

शिवाय खोड म्हणजे पखवाज नव्हे. खैराचे किंवा शिसवीचे पोकळ खोड शंभर वर्षे टिकेल. त्यावरील बकऱ्याचे कातडे टिकत नाही. पुडी झिजते, बदलावी लागते. उजव्या पुडीवरील शाई म्हणजे लोखंडाची बारीक पूड, काजळी आणि खळ यांचा लेप. तो एकदम थापावयाचा नसतो. एक पातळ थर द्यावयाचा, दगडाने घोटावयाचा, वाळू द्यावयाचा, मग दुसरा. ही घोटाई नीट झाली तरच शाई कातड्याबरोबर लवते आणि स्वर गोल लागतो. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली एका सहकाऱ्यासह आणि पुढे १९३४ साली या विषयावर निबंध लिहिले. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर परस्परांशी जुळत नाहीत. मध्यभागी शाईचा भार पडताच ते मूळ स्वराशी मेळ धरतात, हे त्यांनी दाखवून दिले. याचा अर्थ असा की, आपल्या पखवाजाला स्वर देणारी वस्तू ही कारागिराच्या अंगठ्याखाली तयार होते आणि काही काळाने पुन्हा तयार करावी लागते. वाड्यातून येणार ते लाकूड. नाद येणार तो पुडीबरोबर, आणि ती पुडी आजचीच असणार.

डाव्या तोंडाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. धुम्यावर प्रत्येक बैठकीपूर्वी ओली कणीक लावावयाची, स्वर उतरेल तशी ती कमीजास्त करावयाची आणि वादन संपताच खरवडून काढावयाची. हा खटाटोप नको म्हणून हल्ली काही जण तेथे कायमचा कृत्रिम लेप चिकटवितात. आमच्या मंडळातही ही सूचना आली. आणि आश्चर्य म्हणजे, ज्यांनी जुन्या खोडाचा सर्वांत मोठा आग्रह धरला त्यांच्याच मुखातून आली! आजोबांचा ठेका हवा, पण आजोबांप्रमाणे कणीक मळावयास नको.

हा मोह आपल्याच देशात आहे असे नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाच्या चर्चमधील भजनांशी नाते सांगणारे ‘सोल’ संगीत आणि त्यानंतरचे ‘फंक’ यांतील ढोलांचा आवाज पुन्हा साधावा म्हणून तिकडील हौशी लोक १९६० च्या दशकातील लुडविग, ग्रेच, स्लिंगरलँड इत्यादि कंपन्यांचे जुने ढोल भारी किंमत देऊन घेतात. आता मौज पाहा. १९५७ सालापासून तिकडे वासराच्या कातड्याची जागा प्लास्टिकचा पडदा घेऊ लागला होता; तेव्हा आज जुना म्हणून पूजिला जाणारा तो आवाज त्या काळी अगदी नव्या वस्तूंतून निघालेला आहे. मेंफिस येथील स्टॅक्स कंपनीचे ध्वनिमुद्रण एका जुन्या चित्रपटगृहात होई, आणि तेथील वादक अल जॅक्सन आवाज आवळण्यासाठी ढोलावर आपले पैशांचे पाकीट ठेवीत असे. ढोल विकत मिळेल. ते दालन आणि तो हात कोठून आणावयाचा?

तिकडचीच आणखी एक हकिकत आमच्या वादाला अधिक जवळची आहे. २० नोव्हेंबर १९६९ रोजी सिनसिनाटी येथे जेम्स ब्राऊन यांच्या वाद्यवृंदाने एक गीत ध्वनिमुद्रित केले. त्यात क्लाइड स्टबलफील्ड या वादकाने काही मात्रांचा एकट्याचा ठेका धरला. पुढे यंत्रांच्या साहाय्याने तो तुकडा उचलून शेकडो गाण्यांत बसविण्यात आला. त्या गाण्यांवर अनेकांनी पैसा मिळविला; क्लाइडच्या पदरात त्यापैकी जवळजवळ काही पडले नाही. तो २०१७ साली वारला. नाद घ्यावयाचा आणि नाद काढणाऱ्याला विसरावयाचे, ही रीत आम्हांस परिचयाची वाटते.

कारण आमच्या देवळांतून हेच चालले आहे. पुडी मढविणारा कारागीर हा चामड्यास हात लावणारा, म्हणून त्याला पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या बाहेर ठेवले. त्याने मढविलेले चामडे मात्र थेट देवापुढे नेऊन वाजविले! दक्षिणेतील मृदंग घडविणाऱ्या अशाच कारागिरांवर टी. एम. कृष्ण यांनी २०२० साली पुस्तक लिहिले, तेव्हा पुष्कळांना राग आला. आम्हांस त्यात रागावण्यासारखे काही दिसले नाही. लाज वाटण्यासारखे पुष्कळ दिसले. जुन्या खोडासाठी मागेल ती किंमत देण्यास तयार असलेले आमचे मंडळ पुडीच्या मजुरीवर घासाघीस करते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

गोमंतकातील बांधवांनी या बाबतीत अधिक शहाणपण दाखविले. सुंवारीत शामेळ आणि कांसाळे यांच्या जोडीने वाजणारा घुमट पूर्वी घोरपडीच्या कातड्याने मढवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीस अभय दिले. ‘आता तो आवाज गेला’ असे म्हणून हात जोडून बसणे सोपे होते. परंतु घुमट मढविणारे आणि वाजविणारे बकऱ्याच्या कातड्याकडे वळले, आणि २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याच्या वारशाचे वाद्य म्हणून मान दिला. कातडे बदलले, वाद्य जगले. कारण करणारे हात शाबूत होते.

येथे मंडळातील दुसऱ्या पक्षालाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. त्यांचे म्हणणे असे की, पखवाजच नको. आरतीच्या वेळी कळ दाबताच नगारा आणि घंटा आपोआप बडविणारे विजेचे यंत्र बसवावे. अशी यंत्रे गुजरातेत आणि महाराष्ट्रात अनेक देवळांतून आहेत. आरतीला माणसे जमत नाहीत म्हणून यंत्र, आणि यंत्र आहे म्हणून माणसे जमत नाहीत! याहून अधिक जागा आम्ही या सूचनेस देत नाही.

आपण राहतो ते शहर कोणते, याचा तरी विचार व्हावा. १८८६ साली सयाजीराव महाराजांनी मौलाबक्ष यांच्या हाती येथे संगीतशाळा सोपविली; तीच आज विद्यापीठाची शाखा आहे. १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद येथेच भरली. येथे ‘कलावंत कारखाना’ नावाचे खाते होते आणि गुणी माणसांस त्यातून वेतन मिळे. दरबाराने वाद्ये जमविली खरी, परंतु आधी माणसे पोसली.

आमची सूचना मंडळाने इतिवृत्तात नोंदवून घेतली आहे. दोहोंपैकी अरुंद तोंडाचा पखवाज, खोड निर्दोष निघाल्यास, घ्यावा. दुसरा वाड्यातच राहू द्यावा. त्यातून उरणाऱ्या रकमेत कारागिराला वर्षातून दोनदा सन्मानाने बोलावून, तो सांगेल ती मजुरी देऊन पुड्या बदलून घ्याव्यात, आणि मंडळातील दोन मुलांना त्याच्याजवळ बसवून शाई घोटणे दाखवावे. पुढील बैठकीस त्या कारागिरालाच निमंत्रण द्यावे, अशीही आम्ही विनंती केली आहे. त्याला बाहेरच्या ओटीवर बसवावयाचे की आत सतरंजीवर, यावर काही सभासदांनी अद्याप मत दिलेले नाही.