एक अख्खी प्लेट आपली

मैत्रिणींनो, बाहेर खायला गेल्यावर मेन्यूकार्ड आधी कुणाच्या हातात जातं? मुलांच्या, मग त्यांच्या बाबांच्या. आपल्यापर्यंत येतं तेव्हा ऑर्डर देऊन झालेली असते, आणि आपण म्हणतो, "मला काहीही चालेल, तुमच्यातलंच घेईन थोडं."

हल्ली आपल्याकडे तालुक्याच्या गावीही बर्गर मिळतो. मिळू दे की! बर्गरशी माझं भांडण नाही. लोणी लावून तव्यावर शेकलेला पाव, तेव्हाच तळलेली कुरकुरीत टिक्की, कांद्याची चकती, बस्स. पण बऱ्याच ठिकाणी पाव गार, टिक्की सकाळची, आणि ते झाकायला वरून मेयोनीज, चीज आणि तीन तऱ्हेचे सॉस. नाव जेवढं लांबलचक, तेवढी टिक्की शिळी, हा माझा तरी अनुभव.

साधा पदार्थ नीट केला तर काय होतं, हे आपल्याच जिल्ह्यातल्या शेगावच्या कचोरीने दाखवलंय. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी १९५० च्या सुमारास शेगाव स्टेशनवर ती विकायला सुरुवात केली. गजानन महाराजांच्या दर्शनाला येणारे भाविक आणि मुंबई-हावडा मार्गावरचे प्रवासी, यांनी तिचं नाव कुठल्या कुठे नेलं. तिच्यात असतं काय? मैद्याची पारी, डाळीचं तिखट सारण, सोबत तळलेली हिरवी मिरची. चटणीवाचूनही अडत नाही. पण जिने घरी करून पाहिलीय तिला विचारा! मोहन कमी पडलं की कडक, जास्त झालं की तेलात फुटते. सारण ओलसर राहिलं की थोड्या वेळात मऊ. आच मोठी केली तर वरून लाल, आतून कच्ची. मंद आचेवर तळत उभं राहायचं म्हणजे वेळ जातो बाई. दुकानदाराने तो वेळ दिला असेल, तर पैसे द्यायला माझी ना नाही.

वर्षभर दोन्ही वेळा आपणच कढईपुढे असतो. दुसऱ्या कुणी तळलेलं, तेही गरम, आपल्या वाट्याला येतं किती वेळा? म्हणून पुढच्या वेळी जागा आपण सुचवायची. जिथे एकच पदार्थ होतो आणि घाण्यामागून घाणा निघतो, तिथे जायचं. आणि स्वतःसाठी वेगळी प्लेट मागायची. मुलांचं उरलेलं संपवणं घरी रोजचंच आहे.

शेगावची कचोरी गारही चांगली लागते, लोक गावोगावी बांधून नेतात. घरच्यांसाठी तुम्हीही न्या. पण तुमची तिथेच, गरम असतानाच खा. पाणी कुणाला हवंय ते नंतर विचारा.