कर्ज आपल्या नावावर, मग दवाखान्यात गर्भपात का नाही?



या वेळी जंगलप्लॉट सोडून पोट पाडण्याबद्दल लिहितो आहोत. बैठकीत काही भाऊ म्हणाले, हा बायांचा विषय, जमिनीच्या पत्रकात कशाला? आम्ही विचारतो, मोर्चात पुढे कोण असते? जंगलवाल्याने पहार-कोयता हिसकावला तर आडवी कोण पडते? प्लॉट कसायला बाई पाहिजे, लाठी खायला बाई पाहिजे, आणि तिच्या जिवाची गोष्ट निघाली की म्हणे ती चुलीपाशी बोला. हे चालणार नाही.

मागच्या पावसाळ्यात, आवणीच्या दिवसांत, आपल्याच एका पाड्यावरची बाई गेली. नाव लिहीत नाही, घरच्यांनी नको म्हटले. चार पोरं, पाचवं पोटात, अंगात रक्त नाही. सरकारी दवाखान्यात गेली तर उत्तर मिळाले, ऑपरेशन करून घेणार असशील तर बघू, नाहीतर जिल्ह्याला जा. आवणी सोडून, पोरं टाकून जिल्ह्याला कोण जाणार? मग झाडाची काडी. मग ताप. मग जीपसाठी सावकाराकडून पैसे, उभ्या भातावर. बाई गेली आणि भातही गेले. आता सांगा, हा जमिनीचा प्रश्न आहे का नाही?

बहुतेकांना वाटते गर्भपात गुन्हा आहे. नाही. १९७१ चा कायदा आहे, १ एप्रिल १९७२ पासून लागू. बाईच्या जिवाला किंवा तब्येतीला धोका असेल, बलात्कार झाला असेल, मूल व्यंगाचे होणार असेल, पाळणा लांबवायचे साधन फसले असेल, तर गर्भपात करता येतो; २०२१ पर्यंत मर्यादा वीस आठवड्यांची होती. तेव्हा बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरायचे, पुढे दोघांचे लागायचे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या बाईची फक्त तिची स्वतःची सही किंवा अंगठा. नवऱ्याची सही कायद्यात कुठेही नाही. आणि नीट ऐका, ‘आधी ऑपरेशन कर’ किंवा ‘आधी तांबी बसव’ ही अटही कायद्यात कुठेही नाही. ती साहेबांनी घरी बसून केलेली आहे, जंगलवाला मोहाच्या फुलांवर पावती फाडतो तशी.

कायदा होऊन कितीतरी वर्षे झाली. आदिवासी भागात वीस हजार माणसांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र पाहिजे, असा सरकारचाच नियम. इमारत आहे, पाटी आहे. पण हे काम शिकलेला डॉक्टर नाही, यंत्र नाही, असले तर खोक्यात बंद.

आता पैसे कुठे आहेत ते बघू. १९९७ मध्ये दिल्लीच्या सरकारने प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रम काढला. त्याला जागतिक बँकेचे कर्ज होते, युरोपची मदत होती. त्यात आरोग्य केंद्रांना गर्भपाताची साधने देणे आणि डॉक्टरांना ते शिकवणे हेही धरलेले होते. जागतिक बँक म्हटले की आपल्या लोकांचे रक्त उसळते, आणि उसळलेच पाहिजे. हीच बँक १९८५ मध्ये सरदार सरोवराला पैसे द्यायला निघाली, अक्कलकुवा-धडगावची गावे बुडवायला. लोक लढले म्हणून १९९३ मध्ये ते पैसे थांबले. आपल्या राज्याच्या वन खात्यालाही १९९२ मध्ये तिचेच कर्ज मिळाले.

म्हणून काही कार्यकर्ते म्हणतात, परदेशी पैसा नको, त्यांना आदिवासी कमी करायचेत. या बोलण्यात खोटे नाही. १९६५-६६ च्या दुष्काळात अमेरिकेने गहू देताना लोकसंख्या कमी करा म्हणून दाबले. १९७६-७७ च्या एका वर्षात देशात ऐंशी लाखांवर नसबंद्या झाल्या. सक्तीच्या नसबंदीचा कायदा आपल्याच विधानसभेने पास केला होता, राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो. कैरोला १९९४ मध्ये १७९ देश बसले, आणि १९९६ च्या एप्रिलमध्ये सरकारने केसचे टार्गेट कागदावर बंद केले. नर्सबाईला विचारा, खरेच बंद झाले का.

पण दुसरी बाजूही बघा. हीच अमेरिका नसबंदीला पैसे द्यायची, गर्भपाताला देत नव्हती. तिचा १९७३ चा कायदा सांगतो की मदतीचा पैसा कुटुंबनियोजन म्हणून गर्भपातावर खर्चायचा नाही. १९८४ मध्ये रेगन सरकारने त्याहून पुढे जाऊन ठरवले की परदेशातली जी संस्था गर्भपात करील किंवा त्याचा सल्ला देईल, स्वतःच्या पैशाने का असेना, तिला कुटुंबनियोजनाचा डॉलर नाही. क्लिंटनने १९९३ ला तो नियम तेवढ्यापुरता काढला, १९७३ चा कायदा तसाच आहे. म्हणजे बाईची नस कापायला पैसे होते, पण तिने स्वतः ‘हे मला नको’ म्हटले तर नव्हते. नसबंदीची सक्ती आणि गर्भपाताची बंदी, दोन्हीकडे तिला कुणी विचारत नाही. परदेशी पैसा नको म्हणून गप्प बसणारा भाऊही तिला विचारत नाही, हेही लिहून ठेवतो.

बँकेचे पैसे दान नाहीत, ते कर्ज आहे. काडेपेटीवर आपण जो कर भरतो त्यातून ते फिटणार. धरणाचे कर्ज आपण नाकारले, कारण ते आपल्याला बुडवत होते. हे कर्ज तर घेऊन झाले आहे, आपल्याच बायांच्या नावावर. नको म्हणून ते परत जाणार नाही, तालुक्याच्या गोदामात गंजत पडेल. म्हणून आपण ते अंगावर घेऊन हिशोब मागायचा. टार्गेट आले की हाकलायचे, यंत्र आणि शिकलेला डॉक्टर मात्र ओढून आणायचा.

पेसा कायद्याने ग्रामसभेला ताकद दिली आहे, ती फक्त वाळू आणि तेंदूपानासाठी नाही. येत्या ग्रामसभेत आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला बोलवा. गर्भपात शिकलेला डॉक्टर कोण, कोणत्या वारी येतो, यंत्र आले का, कधी आले, ऑपरेशनची अट कोणाच्या हुकमाने लावता, हे बायांनीच विचारायचे. उत्तर तोंडी घेऊ नका, ठरावाच्या वहीत लिहून सही घ्या. ज्या पाड्यावर सही द्यायला नकार देतील, तिथल्या बायांनी तसे अमावास्येच्या बैठकीत सांगावे. तालुक्याच्या दवाखान्यावर कधी बसायचे ते तिथेच ठरेल. पोरं सोबत आणा, भाकरी बांधून आणा.